हौसेची जबाबदारी

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या कामाचे मोल दोन प्रकारे करता येते. काम किती उत्तम उतरले, हा एक प्रश्न. ते करणे कितपत उचित होते, हा दुसरा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद स्पष्ट केला. वस्तू घडविण्यातील योग्य विचाराला त्यांनी कला म्हटले आणि आचरणातील योग्य विचाराला विवेक. कुशल सुतार सज्जन असेलच असे नाही. सज्जन मनुष्याला रंधा धरता येईलच असेही नाही. हा जुना भेद आजही किती खरा आहे, हे एका आगळ्या छंदाच्या आधारे पाहण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेत अनेक हौशी कारागीर घरच्या गॅरेजमध्ये लहानसा लेथ बसवून आपल्या रायफलच्या नळीवर स्वतःच काम करतात. नळीच्या तोंडाशी बाहेरून आटे पाडणे हे त्यांतले एक नेहमीचे काम. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनविणे किंवा दुरुस्त करणेही गुन्हा ठरतो. तेथील कायदा बराच सैल आहे. 1968 च्या कायद्याने शस्त्रनिर्मितीचा धंदा करणाऱ्यास परवाना बंधनकारक केला. स्वतःच्या बंदुकीवर हौसेने केलेल्या कामास मात्र सामान्यतः मोकळीक आहे. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांतील निर्बंध तेवढे अधिक कडक आहेत.

हे काम सोपे नाही. लहान व्यासाच्या गोळीच्या रायफलला बहुधा अर्ध्या इंचाच्या व्यासावर इंचाला 28 आटे पाडतात. यातील खरी मेख अशी की, नळी बाहेरून कितीही सरळ आणि गोल दिसली तरी आतले छिद्र तिच्या नेमक्या मध्यातून गेलेले असेलच असे नाही. म्हणून जाणता कारागीर बाहेरच्या अंगावर भिस्त ठेवत नाही. आतल्या छिद्राला गेज लावून तो नळी लेथवर नीट मध्यावर आणतो आणि मगच हत्यार चालवितो. या मापात चूक झाली तर आट्यांवर बसविलेले साधन तिरके बसते आणि सुटलेली गोळी त्यालाच धडकू शकते. अशा कामाला लागणारी चिकाटी, नजर आणि प्रामाणिकपणा आम्ही मुळीच कमी लेखत नाही.

बरे, हे आटे पाडायचे कशासाठी? बहुधा सायलेन्सर बसविण्यासाठी. मोटारसायकलमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बंदुकीचा सायलेन्सर हायरम पर्सी मॅक्सिम यांनी शोधला आणि 1909 मध्ये त्याचे पेटंट मिळविले. त्यांचे वडील हायरम मॅक्सिम हे 1884 च्या सुमारास तयार झालेल्या मशीनगनचे जनक. बंदुकांच्या आवाजाने त्यांना उतारवयात बहिरेपणा आला होता. शिकाऱ्याचे कान वाचावेत, शेजाऱ्यास त्रास होऊ नये, हे हेतू खोटे नाहीत. परंतु तेच साधन गुन्हेगाराच्याही सोयीचे ठरू शकते. 1934 मध्ये अमेरिकेने त्याची नोंदणी सक्तीची केली आणि त्यावर कर बसविला.

येथे कोणी म्हणेल की, साधन निर्दोष असते, दोष ते वापरणाऱ्याचा. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. शस्त्राच्या कारखान्यातला कामगार पोटाकडे बोट दाखवू शकतो, सैनिक हुकमाकडे. ही उत्तरे पुरी नसली तरी उत्तरे आहेत. हौशी कारागिराला यांपैकी एकही उपलब्ध नाही. त्याला मालक नाही, मजुरी नाही, सक्ती नाही. तो काम करतो ते केवळ आवडते म्हणून. आमच्या मते म्हणूनच त्याची जबाबदारी कमी न होता वाढते. पोटासाठी केलेले काम आपली गरज दाखविते. हौसेने केलेले काम आपले अंतःकरण दाखविते.

मिखाईल कलाश्निकोव्ह यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. देशाच्या रक्षणाचा हेतू धरून त्यांनी तयार केलेली रायफल 1949 मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारली आणि पुढे ती जगभर पसरली. शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असे यंत्र आपण शोधले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी 2002 मध्ये बोलून दाखविले होते. डिसेंबर 2013 मध्ये ते निवर्तले. त्यांनी 2012 मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांना लिहिलेले पत्र त्यानंतर प्रसिद्ध झाले. त्या रायफलने घेतलेल्या बळींचा दोष आपल्या माथी येतो काय, असा त्यात त्यांचा प्रश्न होता. देशरक्षणासाठी शस्त्र घडविणाऱ्याला धर्मसभेचा पाठिंबा असतो, असे धर्मसभेच्या प्रवक्त्याने सांगितले. त्या उत्तराने त्या वृद्धाच्या मनाचे समाधान झाले असते काय, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आपली ख्रिस्तसभा स्वसंरक्षणाचा हक्क नाकारीत नाही. त्याचबरोबर शस्त्रांचे उत्पादन व विक्री यांचा संबंध सर्वांच्या हिताशी आहे, असेही तिची धर्मशिकवण सांगते. पोप फ्रान्सिस यांनी 24 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकन संसदेपुढे शस्त्रव्यापारातील रक्तलांछित पैशाविषयी परखड शब्द काढले होते. गॅरेजमधला हौशी मनुष्य हा असा व्यापारी नव्हे. त्याला त्या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. परंतु कायद्याने मुभा दिली म्हणून सदसद्विवेकाचे काम संपत नाही. कायदा बाहेरचे अंग मोजतो. आतले छिद्र कोठून कोठे जाते, ते ज्याचे त्यालाच मोजावे लागते.

आणि हे माप लेथ सुरू होण्यापूर्वी घ्यावे, आयुष्याच्या संध्याकाळी नव्हे. ही वस्तू मी का घडवितो? माझ्यामागे ती कोणाच्या हाती पडेल? आज माझ्या मुलाला ती सहज सापडेल काय? हे प्रश्न पोलादाइतकेच त्या कामाचे भाग आहेत.

मेक्सिकोतील कुलियाकान शहरात 2008 मध्ये पेद्रो रेयेस या कलावंताने लोकांनी आपण होऊन आणून दिलेल्या 1527 बंदुका वितळवून तितकीच फावडी करविली; ती झाडे लावण्यासाठी होती. पोलाद तेच राहिले आणि ते घडविणाऱ्या हातांची विद्याही तीच. बदलला तो हेतू. तलवारींचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण उपासनेत वारंवार ऐकतो. फाळ घडवायलाही लोहाराचीच विद्या लागते, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. देवाने हातांना दिलेले कौशल्य टाकून द्यावे, असे कोणी सांगत नाही. ते कोणाच्या सेवेस लावावे, एवढाच प्रश्न आहे. आणि ज्याच्यावर कसलीही सक्ती नाही, त्याने तर तो आधी स्वतःला विचारावा.