बळी कोणाचा, दोष कोणाचा

मुळशी तालुक्याची कचेरी पौडला असली, तरी तालुक्याच्या नव्या संपत्तीचे दप्तर हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत आहे. आणि तेथे मध्यरात्री एखादा डेटाबेस सर्व्हर पडला म्हणजे पाळीवरील अभियंत्यांत जो वाद माजतो, तो ऐकताना आपल्या नैयायिकांनी कार्यकारणभावाचा इतका खल कशासाठी केला असेल याचा उलगडा होऊ लागतो. पहिला आरोप बहुधा त्या क्षणी चालू असलेल्या क्वेरीवर येतो. महिनाअखेरीचा अहवाल कोणी मागितला आणि सर्व्हर बसला. तेव्हा अहवालच अपराधी! परंतु कार्याच्या आधी जे जे हजर होते ते ते कारण मानले, तर कुंभाराची माती वाहणारे गाढवही घटाचे कारण ठरेल, आणि न्यायशास्त्राने त्या बिचाऱ्या रासभाला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून कारणांच्या यादीतून केव्हाच खारीज केले आहे.

पंचनामा लॉगपासून करावा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नोंदीत प्रोसेस ‘सिग्नल 9’ ने संपल्याचे दिसते, म्हणजे ती आपल्या मरणाने मेली नाही, मारली गेली. आणि लिनक्स कर्नलची नोंद उघडली की मारेकऱ्याचे नावही सापडते: मेमरी संपली की प्रोसेस मारणारा ओओएम किलर. आता हिशेब पाहावा. समजा, रॅम 16 जीबी. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 4 जीबी, शेअर्ड बफर्सना दिला. मूळची 4 एमबीची वर्क मेम कोणी 64 वर नेली आणि जोडण्यांची मर्यादा 200 ठेवली. 64 गुणिले 200 म्हणजे साडेबारा जीबी, आणि हाही आकडा कमीच, कारण वर्क मेम जोडणीमागे एकदा नव्हे, तर प्रत्येक सॉर्टमागे वा हॅशमागे लागते, व एकाच क्वेरीत अशी कामे अनेक असू शकतात. खजिना कागदावरच फुटलेला. तरी महिनोन्‌महिने काही बिघडत नाही, कारण दोनशे जण एकदम मागत नाहीत, आणि कर्नलही मागेल त्याला होकार देऊन (हेच ओव्हरकमिट) प्रत्यक्ष मेमरी मात्र वापराच्या घटकेलाच हातावर ठेवतो. साऱ्या हुंड्या एकाच दिवशी पटवायला येणार नाहीत या भरवशावर चालणाऱ्या पेढीचाच हा व्यवहार.

मग प्रश्न कारणाचा उरत नाही, न्यायाचा होतो. कुळासाठी एकाचा आणि गावासाठी कुळाचा त्याग करावा असे विदुराने धृतराष्ट्राला सांगितले. ओओएम किलरचा युक्तिवाद वेगळा नाही. पण त्या उपदेशाची शेवटची पायरी, आत्म्यासाठी पृथ्वीचाही त्याग, ही आपण सोयीने विसरतो. कर्नल थेट त्या पायरीवर उभा असतो: वाचवतो स्वतःला, आणि बळी देतो बहुधा डेटाबेसचा, कारण सर्वांची कामे अंगावर घेतल्यानेच तो सर्वांहून अवजड झालेला असतो. बळी एकावर थांबतही नाही. सामायिक मेमरी दूषित झाली असेल या शंकेने पोस्टग्रेस उरलेल्या साऱ्या जोडण्या तोडतो आणि वॉलच्या, म्हणजे बदलांआधी लिहिलेल्या रोजनाम्याच्या, नोंदी पुन्हा लागू करीत सावकाश उठतो. सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला सत्याग्रह 1921 साली याच तालुक्यात सुरू झाला, तेव्हाही मुंबईला वीज मिळावी म्हणून मुळशीने बुडावे असाच हिशेब मांडला गेला होता. आणि ज्यांची शेते जायची, त्यांची संमती त्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती.

डेटाबेसच्या ओओएम स्कोरचे समायोजन उणे 1000 करून त्याला अभय देणारे चतुर व्यवस्थापक असतात. त्याने मरण टळत नाही, शेजाऱ्याच्या दारी जाते. वर्क मेम आवरावी, जोडण्या पूलमधून द्याव्यात, आणि ओव्हरकमिटचे गुणोत्तर विचारपूर्वक नेमून ओव्हरकमिटची किल्ली 2 वर फिरवावी, हे मला अधिक धर्म्य वाटते. मग मर्यादेपलीकडचे वचन कर्नल मागण्याच्या क्षणीच नाकारतो; ती एकच क्वेरी त्रुटी दाखवून थांबते आणि इतरांची कामे चालू राहतात. अहवाल मागणारा साहेब त्या रात्री चिडेल, आणि त्याला पहाटेपर्यंत हे गणित समजावून सांगावे लागेल.