पहिली तपासणी कोणाची?

वाचकहो, 'शरीरसुद्धा परक्याला बाहेर काढते, मग समाजाने काढले तर काय बिघडले?' असा युक्तिवाद आपल्या कानांवर येतो. निसर्गाचा दाखला दिला की ऐकणारा गप्प बसतो. म्हणून हा दाखला खरा आहे काय, हे आपण तपासले पाहिजे.

हाडांच्या मज्जेत बी-पेशी रोज जन्मतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्यांच्यापासूनच तयार होतात. प्रत्येक बी-पेशीच्या पृष्ठभागावर वस्तू ओळखणारा एक ग्राहक असतो. तो जनुकांच्या तुकड्यांची यदृच्छेने जुळणी होऊन बनतो. त्यामुळे तो जंतूला चिकटेल की आपल्याच शरीराला, हे आधी ठरलेले नसते. २००३ साली संशोधकांनी माणसाच्या मज्जेतील कोवळ्या बी-पेशी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक पेशी स्वतःच्याच शरीरातील घटकांना चिकटणाऱ्या निघाल्या!

अशा पेशीची परीक्षा मज्जेतच सुरू होते. ती आपल्या घटकाला घट्ट चिकटली तर तिची वाढ थांबते आणि ग्राहकाचा एक भाग पुन्हा घडविण्याची संधी तिला मिळते. उंदरांवरील प्रयोगांतून हे १९९३ साली दिसून आले. ते साधले नाही तर पेशी मरते. सैल चिकटणारी पेशी निष्क्रिय होते. तरीही काही निसटतात. त्यांना पुढे आवर बसला नाही तर ल्युपससारखा रोग होऊ शकतो आणि रक्षकच घर जाळू लागतो.

आता सांगा, येथे तपासणी कोणाची झाली? शस्त्र धरणाऱ्या आपल्याच पहारेकऱ्याची!

आणि 'आपले' ते तरी केवळ जन्माने ठरते काय? १९४५ साली रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचे रक्त तपासून दाखविले की, गर्भात ज्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या होत्या, त्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही नांदतात. वारशाने परके असलेले रक्त सहवासाने आपले झाले.

पेशीला दुःख नाही, माणसाला आहे. म्हणून पेशीच्या मरणावरून माणसाचा निवाडा करता येत नाही. नीती निसर्गाकडून उसनी मिळत नाही, ती विचारानेच ठरवावी लागते. तरीही कोणी शरीराची साक्ष काढलीच, तर त्याला एवढेच विचारा: ज्याच्या हाती मारण्याची ताकद त्याची परीक्षा आधी, आणि मरणाआधी सुधारण्याची संधी, हा साक्षीचा भाग तुम्ही का वगळता?