सात ग्रॅमचं विमान

हात धुऊन, कोरडे करून बसा. बोटांचा घाम रंगाला मानवत नाही, हे कुठल्याही संग्राहकाला ठाऊक असतं. आज मात्र हात धुवायचे ते जरा सावकाश होण्यासाठी. कपाटातलं सगळ्यात लाडकं विमान बाहेर काढा. माझं आहे स्पिटफायर मार्क वन, 1940 सालच्या हिरव्या-तपकिरी रंगातलं, 1:72 स्केलचं डायकास्ट मॉडेल. तुमचं मिग असेल, नॅट असेल. आज माझ्याबरोबर स्पिटफायर पाहा, मग याच वाटेने तुमच्या विमानाकडे जा.

लगेच पाहू नका. डोळे मिटून ते तळहातावर घ्या. आधी गारवा जाणवेल. मुख्यतः जस्त, त्यात थोडं अॅल्युमिनियम, असा हा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरलेला असतो. हळूहळू तो तुमच्या हाताची ऊब घेईल. तोवर थांबा.

आता त्याचं वजन जोखा. खरं स्पिटफायर उड्डाणाला सज्ज असताना सुमारे 2,600 किलोंचं असे. आपण लांबी, रुंदी आणि उंची 72 पट लहान केली. म्हणजे वजन तीनदा 72 ने भागायचं, जवळजवळ पावणेचार लाखांनी. उरतात सात ग्रॅम. प्रमाणात राहायचं तर हे विमान सात ग्रॅमचं हवं होतं. हातावर ठेवलेलं कळलंही नसतं. तुमच्या हातातलं त्याहून कितीतरी पटींनी जड आहे. आकार प्रमाणात उतरला, भार उतरला नाही. ही गोष्ट मनात राहू द्या. आपण जे पाहणार आहोत ते सगळं याच भाराबद्दल आहे.

डोळे उघडा आणि वरून पाहा. पंखाच्या कडेवरून नजर फिरवा, मुळापासून टोकापर्यंत आणि टोकाला वळसा घालून परत. कुठेही ठेच लागत नाही. या लंबवर्तुळाकार पंखाच्या प्रेमात पडून कितीजणांनी आयुष्यातलं पहिलं मॉडेल घेतलं असेल! रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याच्या चमूने हे विमान घडवलं. 5 मार्च 1936 रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली इथून ते पहिल्यांदा उडालं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, मिचेल कर्करोगाने गेले. स्क्वाड्रनच्या हाती विमान आलं 1938 च्या ऑगस्टमध्ये. ते त्यांनी पाहिलंच नाही.

पंखाच्या पुढच्या कडेवर नजर आणा. तिथे छोटे लाल ठिपके दिसतील. त्यांच्यामागे मशिनगनची तोंडं आहेत, दोन्ही पंखांत मिळून आठ. धूळ आणि गारठा आत जाऊ नये म्हणून त्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवत. विमान परतलं की जमिनीवरचे लोक आधी त्या पट्ट्या पाहत. फाटलेल्या असल्या की समजायचं, गोळीबार झाला. इथे थोडं रेंगाळा. पंख वेगासाठी पातळ हवा होता, आणि त्याच पातळ पंखात बंदुका आणि चाकं मावायला हवी होती. ती निकड या वळणात आहे. आपल्याला भुलवणारी रेषा आणि मारणाऱ्या बंदुका एकाच गरजेतून आल्या. दोन्ही एकदम पाहा. एकीसाठी दुसरी पुसू नका.

या बंदुकांना गोळ्या पुरत त्या जेमतेम पंधरा सेकंद. मनात पंधरापर्यंत मोजा. घाई करू नका.

विमान उलटं करा. उजव्या पंखाखाली रेडिएटरची मोठी चौकोनी पेटी आहे, डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी लहान गोल नळी. वरून इतकं सममित दिसणारं विमान खालून तसं नाही. पोटाकडची ही बाजू जमिनीवरच्या माणसांची. सप्टेंबर 1940 मध्ये साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. मग सॉल्सबरी, रेडिंग, ट्रोब्रिज अशा गावांतल्या गॅरेजांमध्ये आणि शेडमध्ये सुटे भाग बनू लागले. बनवणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांचे हात मॉडेलवर कुठे दिसत नाहीत. अंगठा हलकेच पोटावरून फिरवा आणि त्यांना आठवा.

आता कॉकपिट. 1:72 चं गणित सोपं आहे: एक इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटी माणूस इथे इंचभर होतो. त्या इंचाकडे नीट बघा. 1940 च्या उन्हाळ्यात आणि शरदात जर्मनीविरुद्धच्या हवाई लढाईत ब्रिटनच्या बाजूने सुमारे 2,900 वैमानिक आणि विमानसेवक लढले, त्यांतले 544 त्या लढाईतच गेले. बरेचसे विशीतले. समोरच्या विमानांतही तेवढीच कोवळी मुलं होती. काच कितीही बारीक कोरलेली असो, आतल्या माणसाची भीती साच्यात ओतता येत नाही. ती पाहणाऱ्यानेच आणायची.

हा भार आपल्या दारापर्यंतही येतो. स्पिटफायर उडवणाऱ्या 122 क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नावात 'बॉम्बे' होतं, 124 च्या नावात 'बडोदा'. इथून गेलेल्या देणग्यांची ती नावं. आणि त्याच मुंबईत, ऑगस्ट 1942 मध्ये, गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव' ची हाक उठली. ज्या साम्राज्याला इथून विमानांसाठी पैसा गेला, त्यालाच इथून निघून जायला सांगितलं गेलं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायला बसू नका. श्वास घ्या, आणि दोन्हींना जागा द्या.

शेवटी शेपटीच्या अलीकडे पाहा. एक अक्षर आणि चार अंक, असा क्रमांक तिथे बारीक छापलेला असेल. ती सजावट नाही, एका विशिष्ट विमानाचं ते नाव आहे. आर 6915 लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आजही टांगलेलं आहे. कितीतरी विमानं समुद्रात किंवा शेतात संपली. तुमच्या हातातलं कोणतं? कोणत्या स्क्वाड्रनचं? कोण उडवत होतं, आणि तो घरी पोचला का? आजचं मनन संपलं की एवढं शोधायला घ्या. मग पुढच्या महिन्यात कपाटातलं दुसरं विमान काढा आणि त्याचाही क्रमांक वाचा. असं करत गेलं की नवं मॉडेल घेण्याची घाई आपोआप ओसरते, आणि जवळ आहेत त्यांच्यावरचं प्रेम जबाबदारीचं होत जातं.