पैस

नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, त्याला पैस खांब म्हणतात. आणि पैस म्हणजे ऐसपैस अवकाश, हा त्या शब्दाचा अर्थ मला नगरच्या माझ्या घरातील चार फुटी काचेच्या टाकीने शिकवला.

त्या टाकीत आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या कुळाचे सिक्लिड मासे आहेत. त्यांतील एका निळ्या नराने दगडांच्या राशीवर कब्जा करून दुसऱ्या दुबळ्या नराला इतके छळले, की तो फाटक्या परांनी हीटरच्या आडोशाला पाण्याच्या पृष्ठाशी दिवसचे दिवस लटकून राही. दंड नसेल तेथे मोठा मासा लहानाला गिळतो, या मत्स्यन्यायाच्या भयावर कौटिल्याने आणि शांतिपर्वाने राजधर्म उभा केला. पण माझा निळा नर पोटभर खाऊनही लढत होता आणि दुबळ्याला गिळण्याची त्याला इच्छाही नव्हती. त्याचा दावा हद्दीचा होता. सरोवरात हरलेला मासा हद्दीपलीकडे निघून जातो आणि प्रकरण निकालात निघते. टाकीत तो जेत्याच्या डोळ्यांसमोरच राहतो, म्हणून जेत्यालाही युद्धातून सुटका नाही. मग हे पाप कोणाचे? क्रोध माशाचा खरा, परंतु भिंत माझी आहे. आणि स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली व अनुमोदिलेली अशी जी त्रिविध हिंसा पतंजलींनी सांगितली, तिच्या दुसऱ्या प्रकारात मी ते मासे विकत घेतले त्या दिवशीच सापडलो होतो.

निळ्याला आठवडाभर वेगळे ठेवून मी सारे दगड नव्याने रचले, जेणेकरून जुनी वहिवाट मोडावी आणि एका कपारीतून दुसरीचे तोंड दिसू नये. जाणकारांच्या सल्ल्याने माशांची संख्याही वाढविली. पाणी अधिक वेळा बदलावे लागते, पण एकाचा कोप अनेकांत विभागला जाऊन कोणी मरत नाही. उपाय लागू पडला, तरी मन निवले नाही. भय सर्वांना सारखे वाटून दिले म्हणजे शांती झाली काय? पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा गळावा एवढेच मागितले आहे. मी तर तो वाकडेपणा फक्त विखरून टाकला.

शेजारच्या आजी कळवळून म्हणाल्या, "अरे, मुळा धरणात सोडून दे त्यांना, पुण्य लागेल." त्यांची दया खरी होती. पण याच सिक्लिड कुळातील चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती आपल्या जलाशयांत देशी माशांच्या जागी नांदते आहे. तेव्हा माझ्या घरची हिंसा धरणाच्या खाती वर्ग करणे मला धर्म्य वाटले नाही.

सहा फुटी टाकीसाठी ओसरीची मोजणी केली आहे. तूर्त पहाटे दिवा लावतो तेव्हा तो फाटक्या परांचा मासा दोन दगडांमधल्या फटीत असतो. निळ्याची फेरी तिथवर येते आणि कोपऱ्यावरून वळते.