स्वतःचे रक्षण आणि दुसऱ्याचे रक्षण



वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आपण पाहिला असेल. ज्या रोगाने घरे ओस पाडली, त्यालाच आपण ‘देवी’ म्हणालो, नैवेद्य दाखविला. देवी हटली नाही. १७९६ साली जेन्नरने गाईच्या देवीची लस एका मुलाला टोचली. १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि तिच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या देशात संरक्षण असे दंडावरून दंडावर गेले. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. ते नवसाने नव्हे, कारण शोधल्याने.

लस रोग बरा करीत नाही. ती शरीराला शिकविते. दुर्बल किंवा मृत जंतू, अथवा जंतूचा एखादा अंश शरीरात जातो. शरीर त्याला ओळखते, प्रतिपिंडे तयार करते आणि स्मृतिपेशी ती ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू आला, तर शरीर गाफील सापडत नाही.

आता चतुर माणूस विचारतो, ‘इतरांनी लस घेतली की रोग पसरत नाही. मग माझ्या मुलाला ताप कशाला आणू?’ हा प्रश्न अज्ञानाचा नाही, नीतीचा आहे.

संयुत्तनिकायातील सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणाऱ्या डोंबारी गुरुशिष्याची कथा आहे. कोणी कोणाला सांभाळावे, असा त्यांचा वाद. भगवान बुद्धांचा निर्वाळा असा, की स्वतःला सांभाळणारा दुसऱ्यालाही सांभाळतो आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही.

गोवराचेच पाहा. नेहमीच्या वेळापत्रकात पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधी शेजारच्या तान्ह्या बाळाचे रक्षण कोण करणार? गोवर रोखण्यासाठी शंभरातील सुमारे ९५ जणांना संरक्षण असावे लागते. त्या पंचाण्णवांतून आपले मूल काढून घेणारा आपला वाटा त्या बाळावर टाकतो. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा दाट वस्त्यांतील बालके दगावली. त्या वस्त्या आपल्याच आहेत.

१९५६ साली आपण देव्हारे रिकामे केले. ती सुरुवात होती. रिकाम्या देव्हाऱ्याच्या जागी शेजाऱ्याच्या बाळाची काळजी आली, तरच धम्म घरात आला म्हणावे.

जयभीम.