पाच वतनदार

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमधून सैन्य मागे घ्या असे रशियाला बजावणारा ठराव सुरक्षा परिषदेत मतदानाला आला. १५ पैकी ११ मते बाजूने पडली, विरोधात एकच, रशियाचे. ठराव फेटाळला गेला. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपदही रशियाकडेच होते. यात नियमभंग मात्र कुठेही झाला नाही, आणि खरी तक्रार हीच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे २७ वे कलम सांगते की, कामकाजाच्या बाबी सोडल्या तर पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही विरोध ठराव पाडायला पुरेसा आहे. १९४५ च्या विजेत्यांना मिळालेले हे वतन आहे. सोव्हिएत संघ बुडाला तेव्हा वतन वारसाकडे गेले. ते खालसा करायचे, तर १०८ वे कलम त्यासाठीही पाचही वतनदारांची संमती मागते. आमसभेत १९३ देशांचे मत समान. बंधनकारक निर्णय मात्र परिषदेच्या हाती.

हा नकाराधिकार नसता तर बडी राष्ट्रे आत राहिलीच नसती, असे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघातून जपान आणि जर्मनी १९३३ मध्ये बाहेर पडले, अमेरिका तर आत आलीच नाही, हे खरे. पण विशेषाधिकार जबाबदारीपोटी दिला असेल, तर जबाबदारीचा हिशेब द्यावा लागतो. १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना परिषदेने शांतिसेना सुमारे २,५०० वरून २७० वर आणायचे ठरवले. एकमताने! नकाराधिकार वापरण्याचीही गरज पडली नाही.

आपल्याकडे कोणीतरी लगेच १९७१ ची आठवण करून देईल. बांगलादेश युद्धात सोव्हिएत नकाराधिकार आपल्या कामी आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आपली बाजू न्याय्य होती ती पूर्व बंगालातील अत्याचारांमुळे आणि सीमा ओलांडून आलेल्या लाखो निर्वासितांमुळे. एकदा आपल्या सोयीचा ठरला म्हणून नियम न्याय्य होत नाही.

तंट्यातील पक्षाने मतदान करू नये, हे तत्त्व त्याच २७ व्या कलमात आहे, पण तंटे शांततेने मिटवण्यापुरते. सक्तीच्या कारवाईलाही ते लागू करा, एवढीच किमान मागणी आहे. आज नकाराधिकार राहणारच असेल तर नव्या कायम सदस्यांनाही तो हवा, अशी भारताची भूमिका आहे. मग उद्या ती खुर्ची मिळाल्यावर आपल्याच तंट्यात मत देणार नाही, असे लेखी द्यायला आपण तयार आहोत का? काश्मीरचा विषय निघाला तरी?