गळ्याशी थोडे थांबू या

अनसिंगला सोयाबीन निघाले की संध्याकाळी जराशी उसंत मिळते. तेव्हा ओट्यावर बसा. एक आवंढा गिळा आणि तो पार खाली उतरेपर्यंत लक्ष त्याच्यावरच ठेवा.

बोटभर वाट. श्वास इथूनच, घास इथूनच, हरिपाठही इथूनच. या वाटेत शस्त्र न्यायला माणसाचा हात कसा धजावला असेल? उत्तराची घाई नको.

सुश्रुतसंहितेत वाढलेल्या पडजिभेचा छेद सांगितला आहे. वैद्य अंगठा आणि बोट यांचाच चिमटा करतो, पडजीभ जिभेवर ओढून धरतो आणि मंडलाग्र नावाच्या गोल टोकाच्या शस्त्राने कापतो. किती? तिसरा भाग. जास्त कापली तर रक्त वाहून रोगी दगावतो. कमी कापली तर सूज, लाळ, भोवळ मागे राहते. मग मिरी, अतिविष, वेखंड यांचे चूर्ण मध-मीठ घालून चोळायचे.

त्या ‘किती’पाशी थांबा. हे माप लिहिले जाण्याआधी कुणाच्या तरी हातून कमीही झाले असेल, जास्तही. मला या वर्णनात बढाई दिसत नाही, धास्ती दिसते; म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसतो.

घशात हाड आडवे अडकले तर? दोरा बांधलेला केसांचा गुंडा पातळ अन्नाबरोबर गिळायला द्यायचा, ओकारी काढायची आणि हाड केसांत गुंतले की दोरा झटकन ओढायचा. संहितेत सांगितलेली यंत्रे एकशे एक. त्यांत हात सर्वांत मुख्य मानला आहे.

पुढे, फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य फिलिप फिझिक यांनी 1828 मध्ये टॉन्सिल कापायला सरकत्या पात्याचे यंत्र आणले. भूल अजून यायची होती, त्यामुळे झटपट उरकणे हीच दया होती.

आणि स्वरयंत्र? जिवंत माणसाचे ते नीट दिसले 1854 मध्ये, मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाला. दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा त्यांनी स्वतःच्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडला. गाणाऱ्याला आपला आवाज येतो कुठून, ते पाहायचे होते. डॉक्टरांना वाट मिळाली ती या कुतूहलातून. यावर हवा तेवढा वेळ रेंगाळा.

वाशीमला घसा दाखवून आलेला कुणी शेजारी असेल तर त्याला विचारा. तसला छोटा आरसा अजूनही वापरतात. वाफ धरू नये म्हणून तो गरम करतात, चटका बसेल का ते डॉक्टर आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर टेकवून पाहतात, आणि मग रोग्याला ‘ई’ म्हणायला सांगतात.